देवीबरोबर कुणकेश्वरला

कोकणातला शेतकरी आषाढी वारीला फारसा जात नाही, कारण ते दिवस भाताच्या लावणीचे असतात. इथला वारकरी पंढरपूर गाठतो तो कार्तिकीला. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मात्र आणखी एक चालणे आहे, ज्यात गावाबरोबर गावचा देवही वाटेला लागतो. महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराच्या भेटीसाठी गावोगावच्या देवस्वाऱ्या निघतात, शिवरात्र तिथे काढतात आणि दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, समुद्रात तीर्थस्नान करून परततात. देवाने निघायचे की नाही हे माणसांनी ठरवायचे नसते, कौल मिळावा लागतो, त्यामुळे एखाद्या गावचा देव कित्येक वर्षे देवळातच राहतो. आचऱ्याच्या बाजूला खाडीकाठी असलेल्या आमच्या गावच्या देवीला कौल मिळाल्याचे धाकट्या भावाने कळवले, तेव्हा मी रजा टाकून डोंबिवलीहून निघाले. भावाने मला बोलावण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते त्याने लपवलेही नाही. आईला जाऊन वर्ष उलटले होते, वारस नोंद झाली होती आणि जमीन-घरातला माझा वाटा मी सोडते असे लिहून देण्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलाकडून तयार होऊन आला होता.

मी परिचारिका आहे. रुग्णालयात जे करते तेच मी घरीही करत आले. सासरी, माहेरी, इमारतीत, कोणाला सुई टोचायची असो वा कोणाच्या उशाशी रात्र काढायची असो, पहिला फोन मला येतो आणि मला ते आवडतेही. आईच्या शेवटच्या आजारपणात माझी सगळी रजा तिच्या खाटेपाशी संपली. अशा बाईकडे सहीसाठी कागद पुढे करताना कोणालाच अवघड वाटत नाही, कारण ती नाही म्हणत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. मलाही ते ठाऊक होते. म्हणूनच चालायला निघताना पायांपेक्षा मला त्या कागदाची धास्ती जास्त होती.

देवस्वारीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुढे निशाण, ढोल आणि ताशे, मग तरंगे, म्हणजे लुगड्यांनी मढवलेले देवांचे उंच खांब, आणि ती कमरेला शेला कसून धरणारे मानकरी, मागे अब्दागीर, छत्र, पालखी, गुरव, गाऱ्हाणे घालणारा घाडी आणि शेवटी बाकीचा गाव. कोणाच्या घराण्याने काय धरायचे हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले असते आणि त्यावरून कोकणात भावकीची तोंडे किती वर्षे बंद राहतात, प्रकरणे कोर्टापर्यंत कशी जातात, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आमच्या घराकडे मशालीचे तेल सांभाळण्याचा मान आहे. तो भावाकडे आहे आणि पुढे त्याच्या मुलाकडे जाईल. माहेरवाशिणीने देवीची ओटी भरावी आणि मागून चालावे. त्या यादीत माझे नाव कुठेच नव्हते, आणि इतक्या वर्षांत ते मला कधी जाणवलेही नव्हते, कारण जत्रेच्या दिवशी मी नेहमी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असायचे.

देवाबरोबर चालणारे मानकरी अनवाणी असतात. माघातले ऊन सकाळी दहानंतर जांभ्याच्या कातळावर उतरले की तो कातळ तव्यासारखा तापतो, आणि डांबरी रस्ता त्याहून वाईट. दोन्ही बाजूंना हापूसची कलमे मोहोराने भरलेली, कुठे सुपारीएवढी फळे धरलेली, मध्येच फवारणीचा उग्र वास, आणि या सगळ्यातून ढोलाच्या ठेक्यावर सरकणारे तळवे. हिंदळ्याच्या अलीकडे विसाव्याला थांबलो तेव्हा एका तरंगवाल्याचा उजवा तळवा मी पाहिला. चवड्याखाली रुपयाहून मोठा फोड तट्ट फुगलेला होता आणि त्याच्या कडेला जांभ्याची तांबडी कच रुतलेली होती. फोड आल्यावर त्याची कातडी सोलायची नसते, कारण खालच्या कोवळ्या त्वचेचे तीच रक्षण करते. मी उकळून गार केलेल्या पाण्याने तळवा धुतला, कच चिमट्याने एकेक करून काढली, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढून घेतले आणि वरची कातडी तशीच ठेवून मलम लावले. पट्टी बांधायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की अनवाणी चालण्याचा नेम असताना पायाला काही गुंडाळलेले चालेल का. दोघे-तिघे कुजबुजले. म्हातारा घाडी जवळ आला, वाकून पट्टी पाहिली आणि म्हणाला, "फडको चलता, चामडा नको." त्यानंतर प्रत्येक विसाव्याला माझ्यापुढे पायांची रांग लागू लागली.

मला बरे वाटले हे खरे. परंतु ते बरे वाटणे मला नवे नव्हते आणि तीच त्यातली मेख होती. रांगेतली माणसे माझ्या हातांना ओळखत होती. ते हात कोणाचे, त्या बाईचे या गावात काय आहे, हे विचारण्याचे त्यांना कारण नव्हते. माणूस उपयोगी पडतो म्हणून त्याला मान मिळतो, हे मी आयुष्यभर इतके घट्ट धरून ठेवले होते की उपयोग थांबला तर आपले काय उरते, हा प्रश्न मी स्वतःला पडूच दिला नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत 'स्वतःवर प्रेम करा' असे लिहून येते तेव्हा मी पान उलटते. सुगंधी साबण आणि सहलीच्या पलीकडे तो सल्ला सहसा जातच नाही.

दुसऱ्या दिवशी माझीच टाच फाटली. मी चपला घालून चालू शकत होते, कोणी अडवले नसते, पण काढल्या होत्या आणि घालायची लाज वाटत होती. मिठबावच्या अलीकडे मी रस्त्याकडेच्या गडग्यावर, दगडांच्या बुटक्या कुंपणावर, बसले आणि पिशवीतून स्वतःच पट्टी काढू लागले, तोच भावजयीने पिशवी माझ्या मांडीवरून उचलली. "ताई, तुमी जरा गप बसा. आज माका करूक दिया," असे म्हणून तिने माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. तिला पट्टी नीट बांधता येत नव्हती. एकदा फारच सैल झाली, मग फार घट्ट. माझे हात तीन वेळा पुढे गेले आणि तिन्ही वेळा तिने ते बाजूला केले. रुग्णांना मी रोज सांगते की स्वस्थ पडून राहा, आम्हाला आमचे काम करू द्या. हे सांगणे किती सोपे आणि तसे पडून राहणे किती कठीण, हे त्या गडग्यावर कळले.

मिठबावपासून पुढे जिथे जमेल तिथे स्वारी पुळणीवरून, किनाऱ्याच्या वाळूवरून, न्यायचे ठरले होते आणि त्याची वेळ कोळ्यांनी सांगितली होती. त्यांचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे. त्रयोदशी असेल तर तेराची पाऊणपट, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चार वाजता पाणी सर्वांत मागे गेलेले असते आणि ओली वाळू इतकी घट्ट बसते की भाजलेल्या पायांना त्याहून सुखाची वाट नाही. गजबादेवीच्या देवळाच्या बाजूला ढोल थोडे पुढे गेले, बायका मागे पांगल्या, आणि मी भावजयीशी ते बोलणे काढले, जे भावाशी काढायचे मी दोन दिवस टाळत होते.

मी तिला सांगितले की मी हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. कायदा तिलाही माहीत होता. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींपुरता आणि केंद्राने 2005 मध्ये सरसकट सगळ्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला आहे. परंतु मला कायद्याच्या जोरावर बोलायचे नव्हते. कलमांची फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणे हे सगळे तुम्ही दोघे करता, तेव्हा आंब्याचे पैसे तुमचे, त्यात माझा एक रुपयाही नको, असे मी म्हटले. माझे नाव मात्र सात-बाऱ्यावर राहू दे, आणि घरातली आईची खोली माझी म्हणून राहू दे, जिथे यायला मला कोणाचे आजारपण निमित्त म्हणून लागणार नाही. एवढे वाक्य उच्चारायला मला किती अंतर चालावे लागले याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आपली भीती स्पष्ट सांगितली. उद्या कर्ज काढायचे, बागेत विहीर पाडायची, तर प्रत्येक वेळी मुंबईकडच्या सहीसाठी थांबावे लागेल, आणि माझ्यानंतर माझी मुले कशी वागतील कोणास ठाऊक. भीती खोटी नव्हती. मी तसे कबूल केले आणि सही लागेल तेव्हा मी येईन हे लिहून द्यायची तयारी दाखवली. नंतर ती एकदम म्हणाली, "माझ्या माहेराक मी सही करून इलंय. कोणी माका इचारूक नाय, मिया कोणाक इचारूक नाय." ज्या बाईला मी दोन वर्षे भावाच्या बाजूचा पक्ष समजत होते, ती माझ्याच रांगेत माझ्या आधी उभी राहून गेली होती. नणंद-भावजयीत गोडवा असतो तो बहुधा एकमेकींना न विचारलेल्या प्रश्नांवर टिकलेला असतो. आमचा तो गोडवा त्या संध्याकाळी संपला आणि त्यानंतर आम्ही खऱ्या अर्थाने बोलू लागलो.

कातवण ओलांडून कुणकेश्वरला पोहोचेपर्यंत गर्दीने रस्ता भरला होता. उपवासाला खायचे कणगीचे कंद, कलिंगडांच्या राशी, आले-गुळाच्या खाजाची दुकाने, रांगा, ध्वनिक्षेपक, हे सगळे जत्रेत असते तसेच होते. वादळात सापडलेल्या अरब व्यापाऱ्याने नवस बोलून हे देऊळ बांधले आणि आता आपले लोक आपल्याला घरात घेणार नाहीत म्हणून शिखरावरून उडी टाकली, ही दंतकथा भावजयीने रांगेत उभ्या उभ्या माझ्या भाचीला सांगितली. भाचीने विचारले, "पण त्यांना विचारलं होतं का त्याने?" आम्ही दोघी हसलो. अमावास्येच्या पहाटे ओहोटी होती, देवळापुढच्या खडकांतली शिवलिंगे उघडी पडली होती, आणि पाणी चढू लागले तशी एकेका गावची तरंगे समुद्रात उतरली. आमच्या तरंगवाल्याची पट्टी पाण्यात सुटून गेली. फोड सुकला होता.

भावाला मी परतीच्या वाटेवर सांगितले. तो चिडला, मग गप्प झाला, मग तेलाचा डबा या हातातून त्या हातात घेत "गणपतीक बोलया" एवढेच म्हणाला. कोकणात हे होही नसते आणि नाहीही नसते, पण नाते तोडणारा माणूस गणपतीपर्यंतची मुदत देत नाही, एवढे मी त्याला ओळखते. मसुदा त्याच्याच कपाटात आहे.

भावजयीचा फोन मात्र मागच्या आठवड्यात आला आणि तो आजारपणाचा नव्हता. माहेरच्या जमिनीचा जुना फेरफार कुठे मिळतो, असे ती विचारत होती. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजी मागे फिरत नाही हे मी तिला सांगितले. ते तिला ठाऊक होते. "सोडलंय ता काय, ता तरी बघूक व्हया," ती म्हणाली. तलाठ्याकडे अर्ज करायला गट नंबर लागेल, तो आधी शोधून ठेव, असे मी सांगितले आणि तिने तो तिथल्या तिथे वाचून दाखवला.