एक घास तुझ्यातला

ताटं टेबलावर येतात तेव्हा कुणी आधी आपलं बघत नाही. वेटरच्या हातातून जे शेजाऱ्यापुढे उतरतं, नजर त्याच्याबरोबर उतरते. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून' ही म्हण चारित्र्याबद्दल आहे असं आपण समजतो, पण ती हॉटेलातल्या टेबलालाही चपखल बसते. शेजाऱ्याचं वाफाळत असतं, त्याच्यावर काहीतरी हिरवंगार भुरभुरवलेलं असतं, वासही तिकडूनच येत असतो. आपल्यापुढे असतं ते फक्त आपण मागवलेलं.

आणि चडफड होते ती यासाठी, की मेन्यूकार्डावर आपलं बोट त्याच ओळीवर थांबलेलं असतं. मग कुणीतरी आधी बोलतं, "मी हे घेतोय." झालं. आता तेच मागवलं तर नक्कल केल्यासारखं दिसेल, आणि चौघांनी चार वेगळं घेतलं तर सगळ्यांना सगळं चाखता येईल, असले उदात्त विचार मनात येतात. मनापासून हवं होतं ते सोडून आपण खालच्या ओळीवर जातो.

हा नुसता माझा वहीम नाही. डॅन एरिएली आणि जोनाथन लेवाव या दोन संशोधकांनी याच गोष्टीवर 2000 साली एक निबंध छापला. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना त्यांनी चार प्रकारच्या बियरमधून एक निवडायला सांगितली. काही टेबलांवर एकापाठोपाठ एक मोठ्याने, काहींवर चिठ्ठीवर गुपचूप लिहून. मोठ्याने सांगणाऱ्यांनी एकमेकांपेक्षा वेगळं मागवायची धडपड केली आणि नंतर ते चिठ्ठीवाल्यांपेक्षा कमी खूश निघाले. अपवाद एकच, सगळ्यात आधी बोलणारा. त्याला कुणापासून वेगळं व्हायचं नव्हतं, त्यामुळे त्याने स्वतःला हवं ते प्यायलं. हाँगकाँगमध्ये असाच प्रयोग केला तर लोक उलट पहिल्याचीच री ओढू लागले, आणि तरीही खूश झाले नाहीत.

तेव्हापासून वेटरने वही उघडली रे उघडली की मी बोलून टाकतो. उतावळा म्हणतात, म्हणोत.

पण याने दुखणं अर्धंच बरं होतं. हवं तेच मागवलेलं असतानाही पाचव्या-सहाव्या घासाला नजर पुन्हा पलीकडे जातेच. याचं कारण मला वाटतं घासांच्या हिशेबात आहे. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवलं, की एखादा पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची गोडी झपाट्याने उतरते. जे अजून खाल्लेलं नाही त्याची फारशी उतरत नाही. पोट भरल्यावरही गोडासाठी जागा निघते ती यामुळेच. म्हणजे माझा आठवा घास आणि शेजाऱ्याच्या ताटातला माझा पहिला घास अशी ही कुस्ती असते. निकाल आधीच लागलेला. त्याचं अख्खं ताट माझ्यापुढे आणून ठेवलं, तर आठव्या घासाला मी माझ्या जुन्या ताटाकडेच बघत बसेन. अदलाबदल करणाऱ्या जोडप्यांना विचारा. "बदलूया का?" म्हणणारा क्षणभर दानशूर वाटतो, मग थोड्या वेळाने तोच हळूच म्हणतो, "तुझं जरा... म्हणजे माझं जरा दे ना."

चव द्यायच्याही तऱ्हा असतात. काही जण न विचारता तुमच्या ताटात भलामोठा डाव वाढतात; त्यांच्याविरुद्ध असूया टिकतच नाही. काही जण चमच्याच्या टोकावर एवढंसं देतात आणि तुम्ही ते गिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहतात. "कसंय?" तुम्ही "छान" म्हणालात की त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरतं, त्यासाठीच खरं तर तो घास दिलेला असतो. आणि काही जण ताटाभोवती डावा हात असा काही ठेवतात की विचारायची हिंमत होत नाही. त्यांचं सगळ्यात चविष्ट असणार, याबद्दल टेबलावर एकमत असतं.

या सगळ्यांवर मात करणारा माणूस वेगळाच. तो मेन्यूकार्ड मिटवतो आणि म्हणतो, "मला काही नको, भूक नाही. मी तुमच्यातलंच थोडं थोडं घेईन." मी त्याच्यावर बरीच वर्षं मनातल्या मनात चिडत होतो, अजूनही चिडतो. पण घासांच्या हिशेबात तो पक्का आहे. सगळे पहिले घास त्याचे, आठवा घास कुणाचाच नाही, आणि हेवा करायला त्याच्याकडे स्वतःचं ताटच नाही. बोटं पुसत पुसत तो निकालही देतो, आज सगळ्यात भारी कुणाचं होतं ते. परवा म्हणाला, माझंच. तोवर मी ते निम्मं टाकून शेजारणीच्या ताटात चमचा घातला होता.