तुम्ही विचारलंत म्हणून: "ताकद किती पट वाढते?"

लग्नात पंगत उठली की, सोसायटीच्या झेंडावंदनानंतरच्या चहाला, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना. प्रश्न एकच असतो: "ताई, तुम्ही ते लढाईचं गणित शिकवायचात ना? मग सांगा, ही रडारं, संगणक, सगळं एकमेकांना जोडलं की सैन्याची ताकद किती पट होते? दीडपट? दुप्पट?" मे २०२५ नंतर 'आकाशतीर' (आपल्या लष्कराची, हवाई संरक्षणाची रडारं आणि हत्यारं जोडणारी यंत्रणा) हा शब्द घरोघरी पोचला आणि विचारणारे वाढले. आमच्या खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाका सैन्याच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहनाच्या खात्यातून, निवृत्त झालेले. त्यांनी स्वतःपुरता 'तिप्पट' असा निकाल लावून टाकलाय. माझ्याकडून त्यांना फक्त सही हवी असते.

सही मी करत नाही, कारण एकदा केली आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कामात मी असंच मॉडेल बांधलं होतं. कुठे, ते राहू दे. दोन दलं, दोघांची माणसं आणि हत्यारं सारखी, एकाकडे नवी संदेशयंत्रणा. जिच्याकडे यंत्रणा, त्या बाजूच्या माऱ्याला मी १.४ ने गुणलं. संगणक रात्रभर चालला. सकाळी उत्तर आलं: यंत्रणेमुळे मारा सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक परिणामकारक होतो! त्याची पारदर्शिका झाली, साहेबलोकांनी मान डोलावली. हा १.४ आला कुठून, हे कोणी विचारलं नाही. तो आला होता दुपारच्या चहावर. मी दीड म्हटलं, सहकारी म्हणाला जरा जास्त वाटतो. मीठ आपणच घालायचं आणि आमटी खारट निघाली असा अहवाल लिहायचा, त्यातला प्रकार. या विषयातली निम्मी मॉडेलं आजही अशीच शिजतात, असं माझं मत आहे.

मग बिनमिठाची आमटी कशी करायची? त्यासाठी फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरकडे जावं लागतं. माणूस मोटारी बनवायचा. १९१४ मध्ये त्याने लढाईतल्या नुकसानीची दोन साधी समीकरणं मांडली. पहिलं नेम धरून केलेल्या माऱ्याचं. इथे माझी माणसं किती वेगाने पडतील ते तुमच्याकडे बंदुका किती, एवढ्यावरच ठरतं. असं असेल तर संख्येची ताकद वर्गाने वाढते. १०० विरुद्ध ६०, बाकी सगळं सारखं आणि लढाई शेवटपर्यंत, तर शंभरातले ८० उरतात (१०० च्या वर्गातून ६० चा वर्ग वजा केला की ८० चा वर्ग). दुसरं आंधळ्या माऱ्याचं: शत्रू अमुक टापूत आहे एवढंच माहीत, टापू भाजून काढायचा. इथे गोळी लागणं हे समोर किती जण आहेत यावरही अवलंबून, त्यामुळे वर्ग गळून पडतो. त्याच लढाईत शंभरातले फक्त ४० उरतात.

आता बघा, नेम धरायचा तर दोन गोष्टी कळाव्या लागतात. शत्रू कुठे आहे ही एक. आत्ता ज्याच्यावर झाडली तो पडला की नाही, ही दुसरी. ती लोक विसरतात. पडलेल्यावरच पुन्हा पुन्हा गोळ्या घालत बसलात तर तुम्ही आंधळ्या माऱ्याकडेच घसरलात. म्हणजे माहिती ताकदीला कशाने गुणत नाही. ती तुम्हाला एका समीकरणातून उचलून दुसऱ्यात ठेवते.

१९६२ मध्ये सेमूर डाइचमन या अमेरिकन अभ्यासकाने ही दोन समीकरणं एकाच लढाईत घातली, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. तो लिहीत होता छापेमार युद्धाबद्दल. आपण त्याला गनिमी कावा म्हणू. समजा, झाडीत २० जण दबा धरून बसलेत. त्यांना रस्त्यावरचे शिपाई स्वच्छ दिसतात. रस्त्यावरच्यांना दिसते फक्त झाडी, आणि ते झाडीवर गोळ्या झाडतात. झाडीत एकच माणूस असेल तर त्या माऱ्याचा परिणाम नेम धरून केलेल्या माऱ्याच्या हजारावा हिस्सा, दोन असतील तर त्याच्या दुप्पट, असं धरू. समीकरण सोडवलं की कळतं, बरोबरी साधायला रस्त्यावर २०० जण लागतात. झाडीतले दिसत असते तर २० पुरले असते.

"म्हणजे माहितीची किंमत दहापट!" सुभेदारकाका खुर्चीत पुढे सरकले.

थांबा म्हटलं, काका. झाडीत ८० जण असतील तर रस्त्यावर ४०० लागतात. झाली पाचपट. झाडीत ५ च असतील तर १०० लागतात, म्हणजे वीसपट. हत्यारं तीच, झाडी तीच, डोळे तेच, आणि पट मात्र दर वेळी वेगळी. तिप्पटवर सही करायची ती यातल्या कुठल्या झाडीसाठी?

पण हेही मॉडेल भाबडंच. यात शत्रू एक तर दिसतो, नाही तर दिसत नाही. खऱ्या सैन्यात तो दिसलेला असतो, पण मघाशी. ती 'मघाशी' मोजायला मी वर्गात नेहमी १९४० चं, जर्मन बॉम्बफेकी विमानं अंगावर येत असलेलं इंग्लंड घ्यायचे, कारण तिथे माहिती अक्षरशः टेबलावर मांडलेली होती.

फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे, प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी उभारलेली ती यंत्रणा. किनाऱ्यावर 'चेन होम' रडारचे उंच मनोरे, सगळे समुद्राकडे तोंड करून. विमान किनारा ओलांडून आत आलं की रडार संपलं. पुढे ऑब्झर्व्हर कोअरची माणसं डोळ्यांनी आणि दुर्बिणीने बघून टेलिफोन करायची. रडारची खबर जायची लंडनजवळच्या बेंटली प्रायरीतल्या फिल्टर रूममध्ये. एकच झुंड तीन केंद्रांना तीन ठिकाणी दिसायची. रडारला अंतर बऱ्यापैकी कळायचं, दिशा तितकी नाही. त्या तिन्हींतून एक जागा ठरवायची, मग ती ग्रुपला, म्हणजे एका मोठ्या टापूच्या मुख्यालयाला, ग्रुपकडून त्यातल्या छोट्या टापूला, म्हणजे सेक्टरला, आणि तिथून रेडिओवर वैमानिकाच्या कानात. बॉम्बफेकी विमानं ताशी सुमारे ३०० किलोमीटरने येत होती, म्हणजे मिनिटाला ५. या साखळीत चार मिनिटं गेली तर नकाशाच्या टेबलावर विमानांची जागा दाखवणारी सोंगटी खऱ्या विमानांच्या २० किलोमीटर मागे. डोव्हरपाशी समुद्र उणापुरा ३४ किलोमीटर रुंद आहे.

यंत्रणा नसती तर? विमानं सतत हवेत गस्त घालत ठेवावी लागली असती. दीडेक तासाने उतरायचं, पेट्रोल भरायचं, माणसाला झोपही हवी. तीनांतलं एक विमान वर राहिलं तरी पुष्कळ, आणि तेही शत्रू येईल त्याच बाजूला असेल याचा भरवसा नाही. वेळेवर कळलं की तिन्ही जमिनीवर थांबू शकतात आणि तिन्ही एकदम योग्य जागी जाऊ शकतात. एकही नवं विमान न बांधता. रडारचं खरं दान हे होतं, पण ते वेळेवर कळण्यावर टांगलेलं.

म्हणून माझ्या मते त्या टेबलाच्या खोलीतली सर्वांत हुशार वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. त्याच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांच्या फाका रंगवलेल्या: लाल, पिवळी, निळी, पुन्हा लाल. खबर आली तेव्हा मिनिटकाटा ज्या रंगावर, त्या रंगाची सोंगटी टेबलावर सरकायची. वर सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला कोणाला काही विचारावं लागत नसे. काटा निळ्यावर असताना टेबलावर लाल सोंगटी दिसली, की ती खबर शिळी.

हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही. म्हणून मी लुडोचे सहा डबे आणले. लाल, पिवळ्या, निळ्या सोंगट्या आयत्या मिळाल्या; हिरव्या बाजूला काढल्या. वर्गातल्या घड्याळावर पतंगाचा कागद चिकटवला, टेबलावर हर्णैपासून मालवणपर्यंतचा नकाशा पसरला. चार मुलं 'रडार' झाली आणि चिठ्ठ्या लिहून पाठवू लागली. एका मुलीला मधे बसवलं: चिठ्ठी वाच, जागा ठरव, लाकडी पट्टीने सोंगटी सरकव.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग मी चिठ्ठ्या वाढवल्या. हे गणित फळ्यावर सोपं दिसतं. मिनिटाला सरासरी १० चिठ्ठ्या हातावेगळ्या करणारा माणूस धरा, आणि चिठ्ठ्या बसस्टॉपवरच्या माणसांसारख्या, कधी झुंडीने तर कधी एकेक, येतात असं धरा. मिनिटाला ५ आल्या तर प्रत्येक चिठ्ठी सरासरी १२ सेकंदांत मार्गी लागते. ९ आल्या तर एक मिनिट. साडेनऊ आल्या तर दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत विमानं १० किलोमीटर पुढे. म्हणजे रडार वाढवलीत, जास्त माहिती आणलीत, आणि मधली खुर्ची तीच ठेवलीत, तर चित्र बिघडतं. माझ्या त्या १.४ च्या मॉडेलमध्ये ही खुर्चीच नव्हती.

खुर्ची चुकली तर काय होतं याचा दाखला युद्ध जाहीर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मिळाला होता. ६ सप्टेंबर १९३९. शत्रू आल्याची खोटी वर्दी आली, ब्रिटिश विमानं वर गेली, ती विमानंच टेबलावर शत्रू म्हणून मांडली गेली, मग त्यांना अडवायला आणखी गेली. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना पाडलं. एक वैमानिक मेला. 'बार्किंग क्रीकची लढाई' असं कुत्सित नाव त्याला पडलं. एकही जर्मन विमान नसताना झालेली लढाई कुठल्या 'पट'मध्ये बसवणार? इथे गुणक नुसता एकाहून कमी झालेला नाही, त्याचं चिन्हच उलटं झालंय. आपलं विमान रडारवर वेगळं दिसावं म्हणून जे उपकरण बसवायचं होतं, त्याची घाई त्यानंतर झाली.

समोरच्यालाही हे मोजता आलं नाही. १२ ऑगस्ट १९४० ला जर्मनांनी व्हेंटनरचं रडार केंद्र खरोखरच बंद पाडलं होतं. इंग्रजांनी नुसत्याच लहरी सोडून केंद्र चालू असल्याचा देखावा केला, आणि १५ तारखेला जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोरिंग याने सांगितलं की रडारवरचे हल्ले चालू ठेवण्यात काही अर्थ दिसत नाही. मनोरे त्याला दिसत होते. टेबलं दिसत नव्हती, आणि खरं तर टेबलंच कच्ची होती: सेक्टरच्या बऱ्याच खोल्या जमिनीवर, साध्या इमारतींत. ऑगस्टअखेर बिगिन हिल या विमानतळावरच्या सेक्टरच्या खोलीवर बॉम्ब पडला तो विमानतळावरच्या हल्ल्यात, खोली ओळखून नव्हे. तिथे कामावर असलेल्या एल्स्पेथ हेंडरसन आणि हेलन टर्नर या दोघी शेवटपर्यंत टेलिफोनवर होत्या. दोघींना मिलिटरी मेडल मिळालं. सेक्टरचा कारभार मग गावातल्या एका दुकानात हलवला.

सुभेदारकाका गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "आणि पानिपत?" पानिपताशिवाय आपल्याकडे लढाईवरचं बोलणं उठत नाहीच. पण प्रश्न रास्त होता. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेने धीर सोडला, असं सांगतात. मॉडेलवाल्याच्या नजरेने बघितलं तर एवढ्या पसरलेल्या फौजेला सेनापतीकडून येणारी खबर एकच होती: अंबारी भरलेली की रिकामी. 'सेनापती घोड्यावर आहे' हे सांगायला तिसरं चिन्हच नव्हतं. "वायरलेस सेट एक," काका म्हणाले, "आणि त्याला बटणं दोन."

हो, ती वर्गातली मुलगी राहिली. चिठ्ठ्यांचा ढीग वाढला तशी ती आधी रडकुंडीला आली. मग तिने एकदम ढीग उलटा केला आणि वरची, म्हणजे सगळ्यात ताजी चिठ्ठी आधी घेऊ लागली. खालच्या तिने न वाचता टोपलीत टाकल्या. नकाशावरचं चित्र दोन-तीन मिनिटांत जाग्यावर आलं. तास संपल्यावर मी विचारलं, न वाचता टाकताना भीती नाही वाटली?

"वाटली ना, मॅडम," ती म्हणाली. "पण त्या सगळ्या लाल होत्या. काटा निळ्यावर गेला होता."