तुम्ही विचारलंत म्हणून : कोसबाडला काय बघायचं?

मी डहाणू तालुक्यात मास्तरकी केली हे कळलं, की पुण्या-मुंबईची शिक्षकमंडळी हमखास विचारतात, "त्या कोसबाडच्या टेकडीवर एवढं काय आहे हो?"

तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वाढवलेली शाळा आहे. ताराबाई भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, बालशिक्षणात नाव मिळवलेल्या. शहरातलं बस्तान सोडून १९४५ साली त्यांनी कोसबाडजवळच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई बालविधवा, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. त्याही त्याच वर्षी येऊन मिळाल्या. इथल्या वारली आदिवासी शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेही हेच वर्ष. वेठीला धरलेल्या माणसांची पोरं शाळेत का येत नाहीत, हा प्रश्न तेव्हा किती अवघड असेल!

या दोघींनी आईबापांना बोल लावला नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. माँटेसरी बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे गोळा केले. मोजायला, लहान-मोठं लावायला, रंग ओळखायला तेवढं पुरतं. आणि हरवलं तर रडायचं कारण नाही, दुसरं अंगणातच सापडतं.

पुढे काम कोसबाडला, वारली पाड्यांच्या मधोमध आलं. तिथे आणखी एक गोष्ट कळली. जरा मोठी पोरं दिवसभर गुरांमागे असतात आणि मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं. माझ्याही वर्गाच्या दाराशी अशी एक मुलगी उभी राहायची. भाऊ किरकिरला की त्याला झुलवत अंगणात जायची, गप्प झाला की परत दाराशी. फळ्यावरचा अर्धा पाठ तिच्या हाती कधी लागलाच नाही. अशा मुलींसाठी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली. या एकत्र शाळेला विकासवाडी म्हणतात. भाऊ पाळणाघरात, ताई वर्गात. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा! गुरं चरतायत तिथेच शिक्षक जायचे, तिथेच वर्ग भरायचा. हजेरीपटावर 'गैरहजर' लिहून मोकळं होणं किती सोपं होतं, ते मास्तरालाच ठाऊक.

१९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणातली बालवाडी 'अंगणवाडी' म्हणून देशभर गेली. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या होत्या, त्यांना ते पाहता आलं नाही याची मला अजून हळहळ वाटते. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत कामात होत्या. ताराबाईंना पद्मभूषण, अनुताईंना पद्मश्री मिळाली. पण आमच्या अध्यापक विद्यालयांत दोघींची नावं एका मार्काच्या प्रश्नापुरतीच येतात, हे मला मुळीच पटत नाही.

तेव्हा जरूर जा. घोलवड स्टेशनला उतरा, चिकूच्या वाड्यांमधून टेकडीवर चढा. सुट्टीच्या दिवशी मात्र जाऊ नका. आधी विचारून, शाळा भरलेली असताना जा. आणि आसपासच्या पाड्यांवरून मुलं तिथवर किती चालत येतात, तेही एकदा त्यांच्या वाटेने चालून बघा.