तुम्ही विचारलंत म्हणून: लटकलेलं कनेक्शन मी लगेच का मारत नाही

"रेप्लिका केव्हाच बंद पडलीये, तरी प्रायमरीवर तिचं कनेक्शन जिवंत दिसतंय. मारून का टाकत नाही? नाहीतर सरळ रीस्टार्ट का नाही करत?" कुठल्याही टीममध्ये गेले तरी हे कुणी ना कुणी विचारतंच, आणि तेही सगळं ठप्प असताना. म्हणून आता निवांतपणे सांगते. प्रायमरी म्हणजे मूळ डेटाबेस सर्व्हर, आणि रेप्लिका म्हणजे त्याची सतत ताजी होत राहणारी प्रत.

पोस्टग्रेस, म्हणजे हा डेटाबेस, खोटं बोलत नसतं. रेप्लिका रीतसर बंद केली तर ती कनेक्शन मिटवून जाते. पण मशीनची वीजच गेली, किंवा मधली फायरवॉल गुपचूप पॅकेट गिळू लागली, तर प्रायमरीला कळणार कसं? गप्प बसलेला आणि मेलेला, टीसीपीला, म्हणजे दोन मशीनमधलं बोलणं चालवणाऱ्या प्रोटोकॉलला, दोघे सारखेच.

प्रायमरीवरून रेप्लिकाला बदल पाठवणाऱ्या प्रोसेसचा, म्हणजे वॉल सेंडरचा, टाइमआउट मुळात 60 सेकंदांचा असतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो स्वतःच कनेक्शन तोडतो. पण बऱ्याच ठिकाणी कुणीतरी तो 0 करून ठेवलेला असतो, म्हणजे बंदच. कारण काय, तर "रात्री लिंक तुटायची". मग भिस्त लिनक्सवर. पोच न आलेला डेटा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि साधारण 15 मिनिटांनी नाद सोडतो. "कीपअलाइव्ह कमी करा", म्हणजे समोरचा जिवंत आहे का हे टीसीपीला लवकर विचारायला लावा, हा सल्ला तर मला तोंडपाठ झालाय. अहो, डेटा पोचेविना अडकलेला असताना कीपअलाइव्ह चालतच नाही!

ती संध्याकाळ मात्र सांगायलाच हवी. महिनाअखेर, एका क्लायंटचा पेमेंटचा डेटाबेस, रेप्लिका सिंक्रोनस (तिची पोच येईपर्यंत प्रत्येक कमिट, म्हणजे व्यवहार पक्का करणं, ॲप्लिकेशनला उत्तर न देता थांबतं), आणि तिच्या रॅकची वीज गेली. रेप्लिकांची स्थिती दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये तिची ओळ जशीच्या तशी, स्टेट 'स्ट्रीमिंग', फक्त रिप्लाय_टाइम, म्हणजे शेवटच्या उत्तराची वेळ, गोठलेला. नेटवर्क कनेक्शन दाखवणाऱ्या एसएस कमांडमध्ये सेंड-क्यूचा, म्हणजे पोच न आलेल्या डेटाचा, आकडा हलेना आणि रीट्रान्समिटचा टायमर वाढतच चाललेला. इकडे प्रत्येक कमिट 'सिंकरेप'वर, म्हणजे रेप्लिकाच्या पोचेची वाट बघत, उभं. बघता बघता कनेक्शनची मर्यादा संपली आणि ॲप्लिकेशन आत येईना.

कॉलवर एकच धोशा, रीस्टार्ट करा. मी सांगत होते, की कनेक्शन मारूनही कमिट सुटणार नाहीत, ती रेप्लिकाच्या पोचेसाठी थांबलीत. आणि रीस्टार्ट तर नकोच, कारण थांबलेला व्यवहार प्रायमरीच्या डिस्कवर आधीच कमिट झालेला असतो. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स, म्हणजे कुणाच्या पोचेसाठी थांबायचं ती यादी, रिकामी करून सेटिंग रीलोड करा, सगळे सुटतील. "म्हणजे दुसरी प्रत नसताना व्यवहार घ्यायचे? मॅडम, याची मंजुरी कोण देणार?" मॅनेजरांचा हा प्रश्न रास्त होता. मंजुरी कुणीच दिली नाही. रीस्टार्टला मात्र मंजुरी लागली नाही.

कनेक्शन तुटलं म्हणजे व्यवहार फसला, असं ॲप्लिकेशनने धरलं आणि सगळं पुन्हा पाठवलं. पोस्टग्रेसने स्पष्ट बजावलं होतं, की व्यवहार इथे कमिट झालाय, स्टँडबायवर, म्हणजे रेप्लिकावर, पोचला नसेल. ते कुणी वाचलं नाही. पेमेंटच्या नोंदी दुहेरी पडल्या आणि अकाउंट्सची माणसं हाताने जुळवत बसली. त्यांचा यात काय दोष होता? ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

पूर्वी मी म्हणायचे, टाइमआउट सगळीकडे 10 सेकंद करा, कटकटच नको. आज तसं म्हणवत नाही. दूरच्या डीआर (आपत्तीसाठी राखीव) साइटची लिंक जरा अडखळली की धडधाकट रेप्लिकाही तुटते. आवृत्ती 12 पासून हा टाइमआउट प्रत्येक रेप्लिकासाठी वेगळा ठेवता येतो, तसा मी ठेवतेही; पण दूरच्या लिंकला नेमका किती द्यायचा, यावर माझं मन अजून दर वेळी बदलतं. दोन सिंक्रोनस रेप्लिका ठेवून 'एनी 1' लावलं, म्हणजे कुठल्याही एकीची पोच पुरे असं सांगितलं, तर एक मेली तरी कमिट अडत नाहीत. तिसऱ्या मशीनचे पैसे मागितले की मात्र क्लायंट विचारतो, "आत्ता तर सगळं चालू आहे ना?"