कोडं क्रमांक सात : नागपूरच्या पोटात कापूस

सातव्या शब्दकोड्याची जाळी अखेर उभी राहिली. नऊ बाय नऊ, म्हणजे 81 घरं, त्यातली 30 काळी. काळी घरं जास्त झालीत हे मलाही दिसतं, पण सहाव्या कोड्यात 34 होती. बाहेर पारा 45 च्या वर, कूलरमध्ये बादल्या ओतायच्या आणि मधल्या वेळात चौकटीच्या वहीत खोडरबर झिजवायचा, असा पाच आठवड्यांचा कार्यक्रम झाला.

या वेळी विषय नागपूर. म्हणून पहिला शब्दही नागपूरच, असं ठरवून बसलो आणि तिथेच अडकलो. चार अक्षरं: ना, ग, पू, र. बाकीच्या तिघांची चिंता नव्हती. ‘पू’चं काय करायचं? (एकटा लिहिला की जरा किळसवाणाच दिसतो, पण घरात एकच अक्षर मावतं, त्याला इलाज नाही.)

इंग्रजी कोडं रचणाऱ्याला एका घरासाठी 26 पर्याय. आपल्याकडे 34 व्यंजनांची बाराखडी मांडली तरी 408 होतात. जोडाक्षरं आणि नुसते स्वर वेगळेच. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे काना-मात्रा-वेलांटीसकट जुळायला हवं. अमेरिकी कोड्यांत प्रत्येक घर आडव्यातही असतं आणि उभ्यातही. ब्रिटिश जाळीत साधारण एक सोडून एक. अमेरिकी थाट मराठीत करायला गेलो तर माझी मजल तीन बाय तीनच्या पुढे गेलेली नाही. त्यामुळे मी ब्रिटिश मापाने चालतो: प्रत्येक शब्दाची निम्मी अक्षरं तरी दुसऱ्या शब्दातून मिळाली पाहिजेत. जाळी अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी काळी घरं जागच्या जागी दिसावीत, हा हट्टही मी धरतो. आपल्याकडच्या अनेक कोड्यांत तो पाळलेला दिसत नाही आणि सोडवणाऱ्याचं त्यावाचून अडतही नाही. मला मात्र वाकडी जाळी बघवत नाही.

शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो, आणि कोडं रचणाऱ्याला हवा असतो तो मधल्या आणि शेवटच्या अक्षरावरून. तसा तयार मिळत नाही, म्हणून दोन वर्षांपासून एका जाड वहीत स्वतःच भरतोय. त्या वहीत ‘पू’च्या पानावर पाच शब्द निघाले: पूल, पूजा, अपूर्ण, कापूर, कापूस. कापूस! नागपूरच्या तिसऱ्या घरातून उभा कापूस जातो आणि ‘पू’ दोघांच्या मध्ये बसतो. विदर्भाच्या कोड्याला याहून चांगला सांधा मला तरी सापडला नसता. फक्त एक सांभाळायचं: सूत्र, म्हणजे उत्तर सुचवणारी ओळ, असं लिहायचं की उत्तर विभक्तीशिवाय यावं. ‘कापसाचा’ झाला की ‘पू’ गेला.

हे काम संगणकावर का करत नाही, असं दोघांनी विचारलं होतं. करून पाहिलं. वही एक्सेलमध्ये उतरवायला घेतली आणि अक्षरं मोजायला नेहमीचं फंक्शन लावलं. ‘नागपूर’ची लांबी आली 6. ‘स्त्री’चीही 6! संगणकाच्या हिशेबात काना वेगळा, ऊकार वेगळा, पाय मोडायचं चिन्हही वेगळं. स्त्री म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. आपल्या लेखी मात्र ते एकच घर. शेवटी लांबीचा रकाना हाताने भरला. इंग्रजीसाठी बनवलेल्या ज्या दोन कोडे-प्रोग्रामांत मराठी टाकून पाहिलं, तिथे काना शेजारच्या घरात जाऊन एकटाच उभा राहिला.

आता डावीकडचा वरचा कोपरा दाखवतो. पाच आठवड्यांतले अडीच इथेच गेले.

■ ■ का च
ना ग पू र
ट ■ स ■
क र ■ ■
■ वी ज ■

चौथ्या ओळीत आधी ‘कर’ नव्हता, ‘कळ’ होती. तिचं सूत्र माझं लाडकं होतं (कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं): “पोटात आली तर सोसवत नाही, भिंतीवर दाबली तर दिवा लागतो (2)”. पण त्या दुसऱ्या घरातून खाली उभा शब्द काढायचा होता, आणि ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत आणायचा कुठून? ‘ण’चंही तेच. ही दोन अक्षरं शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येतात, सुरुवातीला येत नाहीत. त्यामुळे ज्या घरावर काळं घर आहे आणि खाली वाट मोकळी आहे, तिथे ती आली की रस्ता बंद. मला हे ठाऊक होतं, तरी सूत्राच्या प्रेमात पडून चार दिवस घालवले. ‘कर’ घेतला आणि पाच मिनिटांत खाली ‘रवी’ लागली, तिच्या ‘वी’वरून ‘वीज’, आणि ‘ज’वरून खाली जवस. कळ वहीत जपून ठेवली आहे, आठव्या कोड्यात वापरीन.

रवीवरून ऱ्हस्व-दीर्घाचा जुना वाद. ‘चिमा काय कामाची’ उलटं वाचताना ‘चि’ आणि ‘ची’ आपण एकच धरतो आणि कोणी तक्रार करत नाही. ‘रामाला भाला मारा’ हे तसं चोख, पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बसलेली आहे ती चिमाच. म्हणून कोड्यातही ‘वि’ आणि ‘वी’ छेदू द्यावेत, असं काही जण म्हणतात. मी देत नाही. रवी दीर्घ, रविवार ऱ्हस्व. एका घरात दोन्ही लिहायचे म्हटले तर सोडवणाऱ्याने खोडायचं काय? तोंडी खेळात कान सैल सोडता येतो, कागदावर नाही.

आता सूत्रं. जाळीपेक्षा मला यातच जास्त गोडी आहे, आणि चुकाही इथेच जास्त होतात.

माझा मुख्य नियम असा, की सूत्र वाचून उत्तर आलं नाही तरी चालेल, पण उत्तर कळल्यावर ‘हे कसं काय?’ असं वाटता कामा नये. म्हणजे लिंग, वचन, शब्दाची जात सगळं जुळलं पाहिजे. रवीसाठी आधी लिहिलं होतं, “ताकातही फिरतो, आकाशातही”. ताकात फिरते ती रवी स्त्रीलिंगी, आकाशातला पुल्लिंगी. हे खोटं झालं. आता असं आहे: “एकीने ताक घुसळतात, दुसरा रोज मावळतो (2)”. नाटकासाठी: “यात अंक असतात, पण त्यांची बेरीज होत नाही (3)”. करासाठी: “महापालिकेला भरतात, देवापुढे जोडतात (2)”. कापूस: “बोंडातून निघतो, गादीत शिरतो (3)”. कलम याच जाळीत उजवीकडे आहे: “कायद्यात वाचतात, संत्र्याच्या बागेत बांधतात (3)”. संत्र्याचा डोळा जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर भरतात, हे ज्याने पाहिलंय त्याला लगेच सुटेल, बाकीच्यांना कायद्याची बाजू आहेच. अशी दोन दारं ठेवली की कोडं एका गावापुरतं राहत नाही.

नागपूरचं सूत्र मात्र आत्याने पाडलं. मी लिहिलं होतं: “आधी साप निघतो, मग नदी पात्राबाहेर येते (4)”. नाग अधिक पूर, चोख बसलं म्हणून खुशीत होतो. आत्या अंबाझरी तलावाच्या बाजूला राहते. 2023 च्या सप्टेंबरात तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत रात्रीतून पाणी शिरलं, तेव्हा तिच्याकडे गुडघाभर होतं. सूत्र वाचून ती एवढंच म्हणाली, “यात कोडं काय आहे रे, आम्ही तर पाहून राहिलो होतो.” कागद परत घेतला. आता तिथे आहे: “फणा काढणाऱ्याचं गाव (4)”. पूर म्हणजे गाव, हे आधी सुचायला हवं होतं. शिवाय लांबीने निम्मं आहे.

दुसरी परीक्षा पुण्याच्या मित्राची. ‘सांभार’, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मी मुद्दाम घातला होता: “भाजीवर भुरभुरतात (3, नागपुरी)”. त्याने फोन केला, “कोथिंबीर चार अक्षरी आहे, तुझं मोजायचं चुकलं.” मग ‘नागपुरी’ या शब्दाकडे बोट दाखवलं तर त्याने भरलं ‘सांबार’, इडलीसोबतचं. यात त्याचा दोष नाही. आमच्याकडेही सांभाराच्या वडीच्या पाटीवर ‘भा’ आणि ‘बा’ दोन्ही दिसतात. ज्या अक्षराबद्दल वाद आहे त्यावरून निर्विवाद शब्द गेला पाहिजे. म्हणून तो कोपरा फोडला आणि ‘भा’वरून भाकरी नेली. आत्याचं यावर मत: “पुण्याच्या माणसाला सांभार कायले विचारतं बे?” (मला ‘बे’ म्हणणारी ती घरातली एकटीच.)

‘झिरो माईल’ (नागपुरातला प्रसिद्ध स्तंभ) बाद. माईल की माइल, झिरो की झीरो, प्रत्येकाचं लिहिणं वेगळं. इंग्रजी शब्दांना मी शक्यतो हात लावत नाही तो याचसाठी. ‘तर्री’ ठेवली आहे. पोह्यांवर ओततात म्हटल्यावर इथे कोणी चुकणार नाही, आणि बाहेरच्यांना ‘त’ मारबतीतून (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघतो तो पुतळा) मिळतो.

एकच घोळ उरलाय. उजव्या वरच्या कोपऱ्यात पाटवडी आहे आणि तिच्या ‘व’वरून उभा ‘वर’. सूत्र केलं होतं, “घोड्यावर येतो, देवळात मागतात”. छापून दोघांना वाटल्यानंतर दिसलं की उत्तर घोड्यावरच बसलंय. ‘वर’ हे अक्षरद्वय टाळून सूत्र लिहायला गेलो तर वाक्यावाक्यात तो डोकं वर काढतो, आत्ताही काढला. सध्या असं आहे: “मांडवात याची वाट पाहतात, देवळात हाच मागतात (2)”. आत्याने त्यावर ‘चहा’ लिहिला. देवळात चहा कोण मागतो, असं विचारलं तर म्हणाली, भजनाला येऊन पाहा. पाटवडी आधी सुटली असती तर ‘व’ मिळून ती वाचली असती, पण ती कोडं नेहमी खालून सोडवते.