रजेच्या अर्जातलं कारण

पुण्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात मी नऊ वर्षं गृहपाल आहे. पालक येतात ते बहुतेक दाखल्यांच्या कामाला. जूनमधल्या त्या रविवारी मात्र मावळातल्या एका ठाकरवाडीहून एक आजी लोणावळा लोकलने आल्या. पाटीत पळसाच्या पानांखाली शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणाऱ्या रानभाजीच्या, जुड्या आणि फडक्यात वेगळी बांधलेली काकडं, ही आंबट रानफळं.

नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. जुडी हातात घेऊन तिनं विचारलं, "आजी, हे निवडतात कसं?"

आजी काही न बोलता स्वयंपाकघरात फतकल मारून बसल्या. शेवळाचं वरचं जांभळट आवरण सोललं, आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा भाग नखाने खुडून बाजूला टाकला. "ह्योच घसा खाजवतो." उरलेली खाज मारायला काकडं ठेचून त्यांचा आंबट रस. बघता बघता दहा-बारा मुली भोवती बसल्या.

आजी बोलत होत्या ते मात्र भाजीपेक्षा जागांबद्दल जास्त. शेवळाला आधी फूल येतं, पान मागून. मे महिन्यात जमिनीवर काही म्हणजे काही दिसत नाही. ज्याला जागा ठाऊक, तोच वळीव पडून गेल्यावर नेमका तिथे पोचतो. ओढ्यावरचं कळकाचं बेट, पडक्या गोठ्यामागचा उतार, वाघोबाच्या दगडाखालची लवण, म्हणजे खोलगट जागा. कंद उपटायचा नाही, म्हणजे पुढच्या साली पुन्हा तिथंच. आजींना या जागा सासूने दाखवल्या होत्या, सोबत चालत नेऊन.

"मग नातीला का नाही दाखवल्या?" मी विचारलं.

"बाई, पाऊस लागायला आन् तुमची शाळा लागायला एकच गाठ."

नात पहिलीपासून आश्रमशाळेत. दर जूनला, शेवळं वर यायच्या दिवसांत, तिची पेटी भरलेली असायची. आणि जूनमध्ये उशिरा येणाऱ्या मुलींना मी इतकी वर्षं दारातच बोलत आले आहे. त्या दुपारी मला भाजी गोड लागली, पण घास घशात अडकत होता.

संध्याकाळच्या लोकलने आजी परत गेल्या. दुसऱ्या दिवशी नातीचा तीन दिवसांच्या रजेचा अर्ज आला. 'कारण' या रकान्यात मुली 'आजारपण' नाहीतर 'घरगुती काम' लिहितात. तिने लिहिलं होतं, 'आजीबरोबर शेवळांच्या जागा बघायला.'

मी सही केली. रजा संपवून ती परतली तेव्हा तिच्या वहीत वाडीचा हाताने काढलेला नकाशा होता, आणि लवणीपाशी पेन्सिलीने तीन टिंबं.