गुरुवारची प्रार्थना आणि तिच्यातली माणसं

आपल्या शाळेत गुरुवारी शेवटच्या तासाला सर्वधर्म प्रार्थना होत असे. यंदाच्या अमृतमहोत्सवी वर्षात ती पुन्हा सुरू करायचं चाललं आहे, असं कळलं आणि फार आनंद झाला. त्या प्रार्थनेतले पाठ आजही तोंडपाठ असलेले माजी विद्यार्थी शेकड्यानं निघतील. पण ते पाठ आले कुठून, हे ठाऊक असेल तरच प्रार्थना नीट बसते. म्हणून हे लिहितो आहे.

आपला साचा सेवाग्राम आश्रमाचा. तो कुणी समिती नेमून ठरवला नव्हता. एकेक पाठ एकेका स्नेह्याबरोबर आला. सुरुवातीचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाला वंदन. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजींचे एक जपानी शिष्य आश्रमात राहत आणि ढोलावर ठेका धरून तो म्हणत. जपान महायुद्धात उतरल्यावर पोलीस त्यांना घेऊन गेले. गांधीजींनी मंत्र मात्र प्रार्थनेत ठेवला. तो म्हणताना त्या भिक्षूची आठवण व्हावी, हा त्यामागचा भाव.

कुराणातला पाठ, म्हणजे त्यातला पहिला अध्याय फातिहा, रेहाना तय्यबजींमुळे आला. धरासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहासाठी निघालेल्या अब्बास तय्यबजींच्या त्या कन्या. श्रद्धेनं मुसलमान आणि कृष्णाच्या भक्त. भजनं अशी गात की आश्रम थांबून ऐके. गांधीजी त्यांना उर्दूत पत्रं लिहून उर्दूचा सराव करत. पुढं दिल्लीत काकासाहेब कालेलकरांच्या ‘सन्निधी’त त्या राहिल्या. साताऱ्यात जन्मलेला एक मराठी ब्राह्मण आणि गुजरातची एक मुसलमान साधिका यांचा हा स्नेह सर्वस्वी साधनेचा होता, आणि मला तो या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

पारशी पाठ डॉ. गिल्डर यांचा. 1943 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी 21 दिवसांचा उपवास केला, तेव्हा हे हृदयरोगतज्ज्ञ स्वतः कैदी असून त्यांच्या उशाशी होते. त्यांनी पारशी धर्मग्रंथातल्या गाथांमधला ‘मज्दा अत मोइ वहिश्ता’ हा श्लोक शिकवला. आणि भजनांची चाल, क्रम, निवड हे सारं आश्रम भजनावलीच्या रूपानं बसवलं ते पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी, पलुस्करांच्या शिष्यानं.

आता प्रत्यक्ष बसवण्याचं. वीस मिनिटं पुरे. त्याहून लांबली तर मुलं चुळबुळतात आणि शेवटचं भजन उरकलं जातं. मंत्र तीनदा, मग दोन मिनिटं शांतता. ही दोन मिनिटं घड्याळ लावून पाळा. अंदाजानं घेतली तर चाळीस सेकंदांतच कुणीतरी पुढचा पाठ सुरू करतो. मग ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र, त्यानंतर स्थितप्रज्ञ लक्षणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले 54 ते 72 हे 19 श्लोक आपल्याकडे विनोबांच्या ‘गीताई’तून म्हणतात, त्यामुळे पाचवीतल्या मुलालाही अर्थ लागतो. नंतर एकादश व्रतं, म्हणजे आश्रमाची अकरा व्रतं. त्यांतले ‘सर्वधर्मीं समानत्व’ हे शब्द घाईत गिळले जातात, तिथं सावकाश.

सगळ्यांत जास्त चुका फातिहात होतात. आयती सातच, मिनिटभराचा पाठ. पण देवनागरीतून पाठ केला की बिघडतो, कारण अरबीतले तीन वेगळे वर्ण आपण एकाच ‘स’नं लिहितो आणि दोन वेगळे ‘त’ एकानंच. ‘अल्हम्दु’मधला ह घशातून येतो, ‘नस्तईन’मध्ये मधला कंठ्य ध्वनी आहे. हे क्षुल्लक नाही. अरबीत ‘कल्ब’ म्हणजे हृदय. पण त्यातला क जिभेच्या मुळाशी न उच्चारता आपला साधा उच्चारला, तर अर्थ होतो कुत्रा. म्हणून हा पाठ ज्याच्या घरात रोज म्हटला जातो, त्याच्याकडूनच शिका आणि शक्यतो त्यालाच म्हणू द्या. इतरांनी ऐकावं. ‘मज्दा’मधला ज ‘जीवन’मधला तालव्य नव्हे, तो ‘जसा’मधल्या ज च्या जवळचा आहे. एखाद्या पारशी स्नेह्यानं एकदा म्हणून दाखवला की कायमचा बसतो.

ख्रिस्ती पाठासाठी इंग्रजी स्तोत्रांकडे धावण्याचं कारण नाही. रेव्हरंड टिळकांचे अभंग आहेत. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत पोचलेल्या या कवीचे शब्द मराठी चर्चमध्ये आजही गायले जातात, आणि टाळ-मृदंगावर ते बसतातही.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक म्हणजे तसबिरींची रांग, हार आणि आरती. मुसलमान मुलाला त्यात सहभागी होणं अवघड जातं आणि त्याला ते बोलून दाखवता येत नाही. प्रार्थनेत पुढं काही नको, एक समई पुरे, तीही उजेडापुरती. दुसरं म्हणजे हात जोडण्याची सक्ती. कुणी जोडेल, कुणी दुआसारखे तळवे उघडे ठेवील, कुणी नुसता बसेल. दुसऱ्याच्या पाठाचे शब्द तोंडानं म्हणायलाच हवेत, असंही नाही. आदरानं ऐकणं हा त्या प्रार्थनेतला पूर्ण सहभाग आहे.

आणि कुणी हरकत घेतली तर? 1947 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत कुराणाच्या पाठाला सभेतून विरोध झाला, तेव्हा गांधीजींनी तेवढाच भाग गाळून बाकीची प्रार्थना उरकली नाही. त्या दिवशी त्यांनी प्रार्थनाच थांबवली. शाळेतही एखाद्या पालकानं असं म्हटलं, तर तो पाठ गुपचूप वगळू नका. त्या गुरुवारी नुसती दोन मिनिटांची शांतता ठेवा, त्या पालकांना पुढच्या गुरुवारी सतरंजीवर येऊन बसायला सांगा, आणि पाठ म्हणणाऱ्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवा.